हायड्रोकार्बन रेणूची रचना पाहून पॉझिट्रॉनच्या प्रकीर्णनाचा अंदाज कसा बांधावा

हेक्झेन, सायक्लोहेक्झेन आणि बेंझीन या तिन्ही रेणूंत कार्बनचे सहा सहा अणू असतात. तिघांची ध्रुवीकरणक्षमताही (जवळ आलेल्या भारामुळे इलेक्ट्रॉन-ढग किती सरकतो त्याचे माप) फारशी वेगळी नाही: हेक्झेनची सुमारे ११.९, सायक्लोहेक्झेनची ११ आणि बेंझीनची १०.३ घन अँगस्ट्रॉम. एवढीच माहिती हाती असलेला विद्यार्थी पॉझिट्रॉनला, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धनभारित प्रतिकणाला, सर्वांत घट्ट धरणारा रेणू कोणता असे विचारल्यावर हेक्झेनचे नाव घेतो, आणि तिथेच फसतो. मोजमापांनुसार हेक्झेन व सायक्लोहेक्झेन पॉझिट्रॉनला सुमारे ८० मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्ट इतक्या ऊर्जेने बांधतात, तर बेंझीन सुमारे १५० ने. गंमत पुढेच आहे. खोलीच्या तापमानाला या वायूंमध्ये पॉझिट्रॉन सोडले, तर ज्याची पकड अधिक घट्ट त्या बेंझीनमध्ये पॉझिट्रॉन (रेणूतल्या एखाद्या इलेक्ट्रॉनाबरोबर) हेक्झेनपेक्षा कितीतरी सावकाश नष्ट होतात. ही दोन कोडी एकत्र सुटतील अशा क्रमाने रेणूची रचना कशी वाचायची, ते या लेखात मांडले आहे. वाचक पदव्युत्तर पातळीचा आहे आणि क्वांटम यामिकीची तोंडओळख त्याला आहे, असे मी गृहीत धरतो.

आधी इलेक्ट्रॉनच्या सवयी बाजूला ठेवाव्यात

१९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना वैश्विक किरणांत सापडलेला पॉझिट्रॉन हा वस्तुमानाने इलेक्ट्रॉनच्या बरोबरीचा आणि भाराने त्याच्या उलट असतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन-प्रकीर्णनाच्या सूत्रांत भाराचे चिन्ह बदलले की काम झाले, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो टिकत नाही. इलेक्ट्रॉन रेणूजवळ येतो तेव्हा रेणूचे स्थिर विद्युतक्षेत्र त्याला आत ओढते, आणि त्याच्या येण्याने रेणूतील इलेक्ट्रॉन-ढग जो थोडा सरकतो, त्या ध्रुवीकरणाचे बलही आकर्षकच असते. पॉझिट्रॉनच्या बाबतीत ध्रुवीकरणाचे बल आकर्षकच राहते, मात्र स्थिर क्षेत्र त्याला अणुकेंद्रांपासून दूर ढकलते. दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून उरणारी लहान संख्या म्हणजे कमी ऊर्जेवरचे पॉझिट्रॉन-प्रकीर्णन होय. म्हणूनच ध्रुवीकरणाच्या गणनेत झालेली दहा टक्क्यांची चूक इलेक्ट्रॉनच्या बाबतीत खपून जाते, पण पॉझिट्रॉनच्या बाबतीत उत्तराचे चिन्हच बदलू शकते.

आणखी दोन फरक लक्षात ठेवावेत. पॉझिट्रॉन हा रेणूतील इलेक्ट्रॉनांहून वेगळा कण असल्याने अदलाबदलीची आंतरक्रिया येथे नसते. याचा सुखद परिणाम असा की पॉझिट्रॉनच्या धडकेने रेणू एकक अवस्थेतून (सर्व इलेक्ट्रॉनांचे स्पिन जोडीने रद्द झालेले) त्रिक अवस्थेत (दोन स्पिन एकाच दिशेचे) जात नाही, आणि उत्तेजनांची यादी आपोआप आखूड होते. दुसरा फरक मात्र डोकेदुखीचा आहे. पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनाशी जोडी जमवून पॉझिट्रोनियम तयार करू शकतो, आणि तसे करण्याइतकी ऊर्जा त्याच्याजवळ नसली तरी क्षणभर ‘जवळजवळ पॉझिट्रोनियम’ अशी अवस्था घेऊन पुन्हा मोकळा होऊ शकतो. या आभासी पॉझिट्रोनियममुळे आकर्षणात लक्षणीय भर पडते. इलेक्ट्रॉन जितका सैल बांधलेला, तितकी ही भर मोठी. बेंझीनचे पहिले कोडे येथूनच उलगडू लागते, कारण वलयाच्या वर-खाली पसरलेले, दुहेरी बंधांतले पाय (π) इलेक्ट्रॉन हेच त्या रेणूतील सर्वांत सैल इलेक्ट्रॉन आहेत.

पहिले काम: ऊर्जेचे पट्टे पाडणे

‘रचनेचा परिणाम किती होतो’ हा प्रश्न ऊर्जा न सांगता विचारण्यात काही अर्थ नाही. म्हणून कोणताही रेणू हाती आला की सर्वप्रथम त्याची आयनीकरण-ऊर्जा लिहून घ्यावी आणि तीतून ६.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट वजा करावेत. ६.८ ही पॉझिट्रोनियमची बंधन-ऊर्जा आहे, म्हणून जी बाकी उरते ती पॉझिट्रोनियम तयार होण्याची उंबरठा-ऊर्जा ठरते. मिथेनची आयनीकरण-ऊर्जा १२.६, म्हणून उंबरठा ५.८, इथेनची ११.५, म्हणून ४.७, ॲसिटिलीनची ११.४, म्हणून ४.६, इथिलीनची १०.५, म्हणून ३.७. आपल्या तीन रेणूंपैकी हेक्झेनचा उंबरठा ३.३ च्या, सायक्लोहेक्झेनचा ३.१ च्या आसपास येतो आणि बेंझीनचा थेट २.४ वर उतरतो. शृंखला लांबली की उंबरठा खाली येतो आणि वलयात पाय इलेक्ट्रॉन पसरले की तो आणखी खाली येतो. रचनेचा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा परिणाम आहे, कारण त्यासाठी कोणतीही प्रकीर्णन-गणना करावी लागत नाही.

उंबरठा कळला की एकूण काटछेदाच्या (टक्कर होण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या रूपात सांगणाऱ्या राशीच्या) आलेखात कोठे चढ दिसायला हवा ते कळते. आलेखावर पेन्सिलीने तेवढी उभी रेघ मारून मगच पुढे जावे, अशी माझी विद्यार्थ्यांना सक्त सूचना असते. बेंझीनमध्ये २.४ पासून पहिल्या एकक उत्तेजनापर्यंत, म्हणजे सुमारे ४.८ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत, पॉझिट्रोनियमची निर्मिती हा इलेक्ट्रॉन-ढगाला धक्का लावणारा एकमेव मार्ग खुला असतो. बेंझीनची ३.९ च्या आसपासची त्रिक अवस्था इलेक्ट्रॉनला दिसते. पॉझिट्रॉनला, वर सांगितलेल्या कारणाने, ती जणू नसतेच.

उंबरठ्याच्या खाली टक्कर लवचीक असते, किंवा फार तर रेणूला फिरवणारी अथवा कंपवणारी असते. रचनेचा ठसा सर्वांत खोल उमटतो तो या पट्ट्यात, म्हणून पुढचा बराचसा भाग त्यावरच आहे. उंबरठ्यापासून काही दशक इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पॉझिट्रोनियम, उत्तेजन आणि आयनीकरण यांची गर्दी असते. काहीशे इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे रेणू म्हणजे केवळ अणूंची बेरीज उरते.

दुसरे काम: ध्रुवीकरणक्षमता आणि पाय बंध मोजणे

हायड्रोकार्बनांचे विद्युत द्विध्रुव क्षीण असतात. प्रोपेनचा द्विध्रुव ०.०८ डिबाय आहे, तर पाण्याचा १.८५. त्यामुळे दूरवरून पॉझिट्रॉनला ओढणारे बल मुख्यतः ध्रुवीकरणाचेच असते आणि ते अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटणाऱ्या विभवातून येते. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात क्लिफर्ड सुरको यांच्या गटाने अनेक रेणूंच्या बंधन-ऊर्जा मोजल्या आणि २००९ मध्ये त्यांवरून एक अनुभवजन्य सूत्र मांडले. ते शब्दांत असे सांगता येईल: ध्रुवीकरणक्षमता घन अँगस्ट्रॉममध्ये घ्यावी, तीत द्विध्रुवाच्या डिबायमधील मूल्याची १.६ पट आणि पाय बंधांच्या संख्येची २.४ पट मिळवावी, बेरजेतून ५.६ वजा करावेत आणि बाकीला १२.४ ने गुणावे. उत्तर मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये येते.

हेक्झेनपासून सुरुवात करू. ११.९ वजा ५.६ म्हणजे ६.३, गुणिले १२.४ म्हणजे ७८. मोजलेले मूल्य ८०. सायक्लोहेक्झेनसाठी ११ वजा ५.६, म्हणजे ५.४, आणि गुणाकार ६७. मोजलेले मूल्य ८० च्या आसपास असल्याने येथे सूत्र थोडे कमी पडते, आणि वलयाच्या आटोपशीर आकाराला या सूत्रात कोठेही जागा नाही हे ध्यानात येते. आता बेंझीन. १०.३ मध्ये तीन पाय बंधांचे ७.२ मिळवले की १७.५, वजा ५.६ म्हणजे ११.९, गुणाकार सुमारे १४८. पाय बंधांचे पद नसते, तर याच बेंझीनसाठी ५८ एवढेच उत्तर आले असते. पहिल्या कोड्याचे उत्तर या फरकात आहे: बेंझीनची ध्रुवीकरणक्षमता तिघांत सर्वांत कमी असूनही त्याची पकड सर्वांत घट्ट आहे, कारण त्याचे पाय इलेक्ट्रॉन रेणूच्या पृष्ठभागावर मोकळे आहेत आणि पॉझिट्रॉनला अणुकेंद्रांच्या अपकर्षणापासून दूर राहूनही त्यांच्यापर्यंत पोहोचता येते.

हेच सूत्र मिथेनला लावले, तर २.६ वजा ५.६ अशी ऋण बाकी येते, म्हणजे बंधन नाही. इथेनची ध्रुवीकरणक्षमता ४.५, म्हणून तोही काठावर आहे. प्रोपेन ६.३ वर असल्याने जेमतेम बांधतो. मोजमाप १० मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आहे. पुढे शृंखला लांबत जाते तशी पकड वाढत जाते आणि डोडेकेनपाशी ती सुमारे २२० वर पोहोचते. बारा किंवा त्याहून अधिक कार्बनांच्या सरळ शृंखलेत पॉझिट्रॉनला दुसरी बद्ध अवस्थाही मिळते. प्रयोगात ती दिसली आणि २०१९ मध्ये स्वान व ग्रिबाकिन यांच्या प्रतिमान-विभवाच्या गणनेतूनही ती निघाली. लांब शृंखलेभोवती पॉझिट्रॉनचे तरंगफलन उशीच्या खोळीसारखे गुंडाळलेले असते, असे चित्र डोळ्यांपुढे ठेवले की दुसरी अवस्था का मिळते ते सहज पटते: खोळ पुरेशी लांब झाली की तिच्या मध्यावर एक गाठ, म्हणजे तरंगफलन शून्य होते अशी जागा, मावते.

मात्र हे सूत्र अनुभवजन्य आहे, नियम नव्हे. ध्रुवीकरणक्षमता ही एकच संख्या संपूर्ण रेणूची सरासरी सांगते. त्या रेणूतला कोणता भाग सैल आहे आणि पॉझिट्रॉनला तेथे पोहोचायला वाट आहे की नाही, हे ती सांगत नाही. समघटकांची तुलना करताना सूत्रावर विसंबून निष्कर्ष काढू नये. पेंटेन आणि निओपेंटेन यांचे रेणुसूत्र एकच आणि ध्रुवीकरणक्षमताही जवळजवळ सारखीच. तरी निओपेंटेनमध्ये मधला कार्बन चारही बाजूंनी झाकलेला असतो आणि पॉझिट्रॉनला वावरायला उरतो तो जवळजवळ गोलाकार पृष्ठभाग. असा फरक पकडायचा तर अणूंच्या जागा विचारात घेणारी गणनाच करावी लागते.

तिसरे काम: बंधन-ऊर्जेवरून मंद पॉझिट्रॉनचा काटछेद

बंधन-ऊर्जा हाती आली की उंबरठ्याच्या फार खाली लवचीक काटछेद किती असेल त्याचा ढोबळ अंदाज एका ओळीत बांधता येतो. पकड दुबळी असेल, तर अणवीय एककांत काटछेद हा २π (म्हणजे ६.२८) भागिले बंधन-ऊर्जा आणि पॉझिट्रॉनची ऊर्जा यांची बेरीज इतका असतो. प्रोपेनसाठी बंधन-ऊर्जा ०.०१० आणि खोलीच्या तापमानाच्या पॉझिट्रॉनची ऊर्जा ०.०२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरली, तर बेरीज ०.०३५. अणवीय एककांत नेण्यासाठी तिला २७.२१ ने भागले की ०.००१२९, आणि ६.२८ ला या संख्येने भागले की सुमारे ४,९०० चौरस बोर त्रिज्या. एका चौरस बोर त्रिज्येत ०.२८ चौरस अँगस्ट्रॉम असतात, म्हणून उत्तर साधारण १,३७० चौरस अँगस्ट्रॉम होते. प्रोपेनचा रेणू लांबीला काही अँगस्ट्रॉमच असतो. तो मंद पॉझिट्रॉनला आपल्या आकारमानाच्या कितीतरी पट मोठा भासतो.

एककांच्या या पायरीवर थांबून खातरजमा करावी. मी स्वतः एकदा दोन गटांची मोजमापे साडेतीनपटींनी वेगळी का येतात याचे भौतिक कारण शोधण्यात अख्खी दुपार घालवली होती, आणि शेवटी लक्षात आले की एका आलेखाच्या उभ्या अक्षावर चौरस बोर त्रिज्या होती, दुसऱ्यावर चौरस अँगस्ट्रॉम.

हेच सूत्र हेक्झेनला लावले, तर सुमारे ४५५ चौरस अँगस्ट्रॉम येतात, म्हणजे पकड घट्ट झाल्यावर काटछेद घटलेला दिसतो. उत्तराची दिशा योग्य आहे, कारण शून्य ऊर्जेच्या अगदी जवळ असलेली अवस्थाच मंद कणाला सर्वांत जास्त विचलित करते. पण हेक्झेनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. सूत्र खरे ठरण्यासाठी पॉझिट्रॉनच्या बद्ध तरंगफलनाचा पसारा रेणूपेक्षा बराच मोठा असावा लागतो. प्रोपेनमध्ये तो पसारा सुमारे २० अँगस्ट्रॉम असतो, हेक्झेनमध्ये सुमारे ७, आणि हेक्झेनची शृंखलाच जवळजवळ तेवढी लांब असते. बेंझीनच्या बाबतीत तर पसारा ५ अँगस्ट्रॉमवर येतो. तेथे हे सूत्र वापरणे म्हणजे फूटपट्टीने जाडी मोजण्यासारखे आहे. मिथेनला बद्ध अवस्थाच नाही. पण त्याचे आकर्षण बंधनाला थोडेसेच कमी पडते, म्हणून तेथेही मंद पॉझिट्रॉनचा काटछेद ऊर्जा घटत जाते तसा वाढत जातो.

चौथे काम: कंपनांची यादी करणे

१९६३ मध्ये पॉल आणि सेंट-पिएर यांना हायड्रोकार्बन वायूंमध्ये पॉझिट्रॉन अपेक्षेपेक्षा फारच लवकर नष्ट होताना आढळले आणि पॉझिट्रॉन रेणूला चिकटत असावा अशी शंका तेव्हाच व्यक्त झाली. नाशाचा वेग सांगण्यासाठी परिणामी इलेक्ट्रॉनसंख्या ही राशी वापरतात: पॉझिट्रॉन रेणूतून सरळ निघून जात असता, तर ही संख्या रेणूतील इलेक्ट्रॉनांइतकीच आली असती. मिथेनमध्ये इलेक्ट्रॉन १० असतात आणि परिणामी संख्या सुमारे १४० येते. हेक्झेनमध्ये इलेक्ट्रॉन ५० आणि परिणामी संख्या लाखाच्या पुढे. बेंझीनमध्ये इलेक्ट्रॉन ४२ आणि परिणामी संख्या पंधरा ते अठरा हजारांच्या दरम्यान.

या आकड्यांमागची यंत्रणा २००२ मध्ये सॅन दिएगोच्या प्रयोगात उघड झाली. सोडियम-२२ पासून निघणारे पॉझिट्रॉन घन निऑनच्या मंदायकातून काढून, नायट्रोजन वायू भरलेल्या सापळ्यात थंड करून, काही दशक मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्ट इतक्याच पसाऱ्याचा झोत तयार करण्यात आला आणि नाशाचा वेग ऊर्जेनुसार मोजण्यात आला. आलेखावर रेणूच्या कंपनांच्या जागांजवळ उंचवटे दिसले, मात्र प्रत्येक उंचवटा कंपनाच्या ऊर्जेपेक्षा थोडा खाली सरकलेला होता. त्याचा अर्थ सरळ आहे. येणारा पॉझिट्रॉन आपली गतिज ऊर्जा आणि बंधनातून सुटणारी ऊर्जा मिळून एक कंपन जागे करतो आणि स्वतः रेणूत अडकतो. म्हणून अनुस्पंदनाची, म्हणजे ठरावीक ऊर्जेला होणाऱ्या अशा पकडीची, ऊर्जा ही कंपनाची ऊर्जा वजा बंधन-ऊर्जा इतकी असते, आणि उंचवटा किती सरकला हे मोजले की बंधन-ऊर्जाच हाती येते. या लेखातल्या बंधन-ऊर्जा अशाच मिळालेल्या आहेत.

आता हे काम हाताने करावे. बेंझीनची अवरक्त-सक्रिय (अवरक्त प्रकाशाने, आणि तशाच रीतीने पॉझिट्रॉनने जागी होणारी) कंपने चारच आहेत, कारण रेणूची सममिती फार उच्च आहे: ६७४, १,०३८, १,४८४ आणि सुमारे ३,०६० प्रति सेंटिमीटर. इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये ती अनुक्रमे ०.०८४, ०.१२९, ०.१८४ आणि ०.३८ होतात. प्रत्येकातून ०.१५ वजा केले, तर पहिल्या दोन बाक्या ऋण येतात. ऋण ऊर्जेचा पॉझिट्रॉन येणार कोठून? म्हणून ती दोन कंपने पॉझिट्रॉनला पकडू शकत नाहीत. उरली ती ०.०३४ आणि ०.२३ वरची दोन. त्यांपैकी ०.२३ चा उंचवटा कार्बन-हायड्रोजन ताणाचा आहे आणि तो प्रयोगात ठळक दिसतो, पण खोलीच्या तापमानाच्या पॉझिट्रॉनांपैकी जवळजवळ कोणाचीच ऊर्जा तेवढी नसते.

हेक्झेनचे तसे नाही. त्याच्या रेणूत २० अणू असतात आणि कंपने ५४. बेंझीनच्या १२ अणूंची कंपने ३०. हेक्झेनची सममिती कमी, त्यामुळे पॉझिट्रॉनशी जुळणारी कंपने अधिक. आणि पकड ८० मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्टचीच असल्याने ०.०८ च्या वरचे प्रत्येक कंपन कामी येते. शिवाय पॉझिट्रॉनने एक कंपन जागे केले की ती ऊर्जा शृंखलेतल्या इतर कंपनांत झिरपत जाते आणि ती पुन्हा एकत्र येऊन पॉझिट्रॉनला बाहेर ढकलेपर्यंत तो आत अडकून राहतो. तेवढ्या वेळात तो एखाद्या इलेक्ट्रॉनाबरोबर नष्ट होण्याची शक्यता वाढत जाते. मोजमापांत अनुस्पंदनांची उंची अणूंच्या संख्येच्या साधारण चौथ्या घाताने वाढताना दिसली आहे. दुसऱ्या कोड्याचे उत्तर हे असे आहे: बेंझीन पॉझिट्रॉनला घट्ट धरतो खरा, पण त्याच्याकडे दारे थोडी आहेत, आणि जी आहेत त्यांपैकी अर्धी त्याच्याच घट्ट पकडीने बंद करून टाकली आहेत. सायक्लोहेक्झेनची पकड हेक्झेनइतकीच असूनही त्याची परिणामी संख्या सुमारे वीस हजार, म्हणजे बेंझीनच्या जवळ, असते. सममित वलय आणि मोकळी शृंखला यांतला फरक दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

ही कारणमीमांसा बरोबर आहे की नाही याची एक सोपी परीक्षा आहे. बेंझीनमधील सर्व हायड्रोजनांच्या जागी ड्युटेरियम घालावे. इलेक्ट्रॉन-ढग तोच राहतो, म्हणून बंधन-ऊर्जा बदलू नये. पण जड अणूमुळे कार्बन-ड्युटेरियमचा ताण ०.२८ वर येतो, म्हणून उंचवटा ०.२३ वरून ०.१३ च्या आसपास सरकायला हवा. केवळ कंपने बदलून इलेक्ट्रॉनांना हात न लावणारी अशी दुसरी युक्ती नाही, म्हणून रचनेचा परिणाम कोणत्या वाटेने होतो याबद्दल वाद असेल तेव्हा समस्थानिक बदलून पाहण्याचा विचार सर्वांत आधी करावा.

पाचवे काम: मोजमाप वाचताना सावध राहणे

एकूण काटछेद बहुतेक वेळा झोत किती घटला यावरून मोजतात. दहा सेंटिमीटर लांबीच्या कोठीत ०.१ पास्कल दाबाचा वायू भरला आणि काटछेद ३० चौरस अँगस्ट्रॉम असला, तर खोलीच्या तापमानाला साधारण निम्मे पॉझिट्रॉन न धडकता पलीकडे जातात. अडचण अशी की अगदी थोड्या कोनात वळलेला पॉझिट्रॉनही शोधकापर्यंत पोहोचतो आणि ‘न धडकलेला’ म्हणून मोजला जातो. ध्रुवीकरणक्षमता जितकी मोठी, तितके पुढच्या दिशेचे प्रकीर्णन अधिक. म्हणून ही तूट मोठ्या रेणूंत जास्त असते. परिणामी दोन रेणूंमधला रचनेचा खरा फरक मोजमापात दबून जाऊ शकतो. डेट्रॉइट, यामागुची, त्रेंतो आणि कॅनबेरा येथील प्रयोगांच्या आकड्यांत कमी ऊर्जेवर जे अंतर दिसते, त्यातला बराचसा भाग प्रत्येक उपकरणाची कोनीय वियोजनक्षमता वेगळी असल्याने येतो. शक्यतो दोन्ही रेणू एकाच उपकरणावर मोजलेले असतील तीच जोडी तुलनेस घ्यावी, आणि पुढच्या कोनांची दुरुस्ती केली आहे की नाही ते आधी पाहावे.

गणनेची पद्धत निवडतानाही हाच विवेक हवा. रेणूचा सगळा भार एका गोलात भरून प्रकाशीय विभव (लवचीक टकरीच्या वाटेतून गळणाऱ्या पॉझिट्रॉनांचाही हिशेब ठेवणारे विभव) वापरणारी पद्धत, जी धनबादच्या आयआयटीसह अनेक ठिकाणी वापरली जाते, ती उंबरठ्याच्या वरच्या ऊर्जांना जलद आणि उपयुक्त उत्तरे देते. पण समघटकांतला फरक तिला आयनीकरण-ऊर्जा आणि ध्रुवीकरणक्षमता यांच्यातूनच कळतो, आकारातून नव्हे. उंबरठ्याखाली अणूंच्या जागा विचारात घेणारी आर-मॅट्रिक्स किंवा ब्राझीलमध्ये पॉझिट्रॉनसाठी घडवलेली श्विंगर बहुमार्गी पद्धत घ्यावी. आभासी पॉझिट्रोनियमचा हिशेब मूळ तत्त्वांपासून करणारी अनेक-कण पद्धत बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील गटाने २०२२ मध्ये बहुअणू रेणूंना लावून दाखवली. काहीशे इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे एवढे कष्ट घेण्याची गरज नाही. तेथे अणूंचे काटछेद मिळवून, एका अणूच्या सावलीत दुसरा किती येतो याची दुरुस्ती केली की पुरते. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे काटछेदही तेथे एकमेकांजवळ येतात.

सरावासाठी नॅफ्थलीन

हाती घेतलेली पद्धत अंगवळणी पडली की नाही ते पाहण्यासाठी नॅफ्थलीन घ्यावे. डांबराच्या गोळ्यांचा हा जुना परिचित. आयनीकरण-ऊर्जा ८.१, म्हणून पॉझिट्रोनियमचा उंबरठा १.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. ध्रुवीकरणक्षमता १६.५, पाय बंध पाच, सूत्राप्रमाणे १६.५ अधिक १२ वजा ५.६ म्हणजे २२.९, आणि बंधन-ऊर्जा सुमारे २८४ मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्ट. मोजलेले मूल्य ३०० आहे. आता कंपने पाहावीत. कार्बन-हायड्रोजन ताण ०.३८ वर असल्याने त्याचे अनुस्पंदन अवघ्या ०.०८ वर येते. वलयांची बाकीची सगळी मूलभूत कंपने ०.२ च्या आसपास किंवा त्याहून खाली आहेत, म्हणजे बंधन-ऊर्जेपेक्षा कमी, आणि त्यांपैकी एकही एकट्याने पॉझिट्रॉनला पकडू शकत नाही. ०.०८ च्या वर एखादा स्पष्ट उंचवटा आलेखात दिसला, तर तो दोन किंवा अधिक कंपने एकदम जागी झाल्याने आलेला असला पाहिजे, आणि त्यांची जोडी कोणती हे शोधण्यासाठी अवरक्त वर्णपट उघडून बसावे लागेल.